गाणी गाठोड्यात, किल्ली खिशात!

दोस्तांनो, एक कोडं घालू?

शाळेच्या गॅदरिंगमधली दहा गाणी कुणीतरी रेकॉर्ड केली आहेत. प्रत्येक गाणं चार मिनिटांचं, आणि प्रत्येकाची एमपीथ्री फाईल साधारण ४ एमबीची. म्हणजे सगळी मिळून ४० एमबी. ही गाणी परगावच्या मैत्रिणीला पाठवायची आहेत. एकेक फाईल पाठवत कोण बसणार? म्हणून दहाही फाईलींची मिळून एकच झिप फाईल केली. झिप केलं की फाईल लहान होते, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. पण तयार झालेल्या झिपचा आकार बघितला, तर जवळजवळ ४० एमबीच!

आता त्याच कॉम्प्युटरवर गोष्टींच्या पुस्तकाचा नुसता मजकूर झिप करून बघा. तो निम्म्याहूनही लहान होतो. मग गाण्यांच्याच बाबतीत झिप हात का टेकतं?

या कोड्याचं उत्तर फार सुंदर आहे. त्यासाठी तीन कामं समजून घ्यायला हवीत. पहिलं काम, फाईली एकत्र बांधणं. दुसरं, त्या दाबून लहान करणं. तिसरं, त्यांना कुलूप लावणं. आणि गंमत म्हणजे ही कामं कोणत्या क्रमाने करायची, यावर सगळं अवलंबून असतं. चला, सुरुवात आवाजापासूनच करू.

आवाजाचे आकडे कसे होतात?

आपण गातो तेव्हा हवा थरथरते. मायक्रोफोन ती थरथर टिपतो आणि कॉम्प्युटर तिची मोजदाद करतो. ऑडिओ सीडीसाठी ही मोजणी दर सेकंदाला ४४,१०० वेळा होते! एवढी का? माणसाच्या कानाला सेकंदाला जास्तीत जास्त २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादं कंपन नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार, आणि त्यावर थोडी मोकळीक.

प्रत्येक मोजणीचा आकडा १६ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ० किंवा १. आठ बिट मिळून एक बाइट, म्हणून १६ बिट म्हणजे २ बाइट. डाव्या आणि उजव्या कानासाठी आवाज वेगवेगळा. आता गुणाकार करा: ४४,१०० गुणिले २ बाइट गुणिले २ कान. झाले १,७६,४०० बाइट, आणि तेही एका सेकंदाचे! एका मिनिटाचे होतात १,०५,८४,००० बाइट, म्हणजे साडेदहा एमबी. चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीवर जातं. असे न दाबलेले आकडे ज्या फाईलीत ठेवतात, तिला बहुतेक वेळा वेव्ह फाईल म्हणतात.

जरा थांबा. वेव्ह फाईल ४२ एमबीची, पण आपली एमपीथ्री तर फक्त ४ एमबीची होती. उरलेले ३८ एमबी गेले कुठे? हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाठोडं बांधणारे

अनेक फाईलींची एक फाईल करणं म्हणजे कपड्यांचं गाठोडं बांधण्यासारखं. दहा वस्तू, पण उचलायला एकच. हे काम कॉम्प्युटर फार पूर्वीपासून करत आले आहेत. १९७९ साली युनिक्स नावाच्या यंत्रणेत टार हा प्रोग्राम आला. तो फाईली एकापाठोपाठ एक जोडून चुंबकीय टेपवर ठेवायचा. टार फक्त बांधतो, दाबत नाही.

१९८९ साली अमेरिकेत फिल कॅट्झ या प्रोग्रामरने झिप आणलं. त्यात बांधणं आणि दाबणं दोन्ही होतं. झिप फाईल कशी रचायची, हे कॅट्झने सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणूनच ती जगभर पसरली. झिपच्या पोटात प्रत्येक फाईल वेगळी दाबलेली असते आणि शेवटी सगळ्या फाईलींची यादी असते. प्रत्येक फाईलीसाठी एक तपासणीचा आकडाही ठेवलेला असतो. गाठोडं सोडताना तो आकडा पुन्हा काढतात. जुळला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडलं हे कळतं.

आता एक गुपित सांगतो. घरातल्या मोठ्यांच्या मदतीने एखादी झिप फाईल नोटपॅडमध्ये उघडा. चित्रविचित्र खुणा दिसतील, पण अगदी सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं स्पष्ट वाचता येतील: पी आणि के. ही फिल कॅट्झची आद्याक्षरं! तुम्ही वर्डमध्ये निबंध लिहिता ती डॉकएक्स फाईल, किंवा अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी एपीके फाईल अशीच उघडून बघितली, तरी सुरुवातीला हीच अक्षरं सापडतील. कारण त्याही आतून झिपच असतात.

दाबायचं म्हणजे काय करायचं?

फाईल दाबताना आत नेमकं काय होतं? झिप दोन युक्त्या वापरतं.

पहिली युक्ती १९७७ सालची. इस्रायलचे अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव्ह यांनी ती मांडली. हे वाक्य वाचा: ‘बेडूक म्हणाला डरांव डरांव डरांव, बेडकीण म्हणाली डरांव डरांव डरांव, पिल्लूही म्हणालं डरांव डरांव डरांव.’ यातलं ‘डरांव डरांव डरांव’ पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? एकदाच लिहा. पुढच्या वेळी फक्त एवढी सूचना द्या: इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल. मजकूर जितका पुन्हा पुन्हा येईल, तितकी जागा वाचेल.

दुसऱ्या युक्तीमागे एक मस्त गोष्ट आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रॉबर्ट फॅनो नावाचे प्राध्यापक शिकवत होते. त्यांनी मुलांना सांगितलं, परीक्षा द्या किंवा एक अवघड प्रश्न सोडवून निबंध लिहा. प्रश्न असा: अक्षरांना कमीत कमी बिटांचे संकेत कसे द्यायचे? डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला. महिनोन्‌महिने डोकं लढवूनही उत्तर सापडेना. शेवटी तो नाद सोडून परीक्षेचा अभ्यास करायला निघाला, आणि तेव्हाच त्याला उत्तर सुचलं! ज्या प्रश्नाचं सर्वोत्तम उत्तर त्याच्या प्राध्यापकांनाही मिळालेलं नव्हतं, तो एका विद्यार्थ्याने सोडवला. १९५२ साली त्याचा शोध छापून आला.

हफमनची युक्ती सुरांवर करून बघू. समजा, एका धूनमध्ये १६ सूर आहेत. सा ८ वेळा, रे ४ वेळा, ग २ वेळा आणि म २ वेळा. चार सुरांना सारखेच संकेत द्यायचे तर प्रत्येकाला २ बिट लागतात, म्हणजे एकूण ३२ बिट. हफमन म्हणतो, जो जास्त वेळा येतो त्याचा संकेत छोटा करा, जो क्वचित येतो त्याचा मोठा झाला तरी चालेल. म्हणून सा = ०, रे = १०, ग = ११०, म = १११. आता मोजा: ८ + ८ + ६ + ६ = २८ बिट. चार बिट वाचले!

या संकेतांत आणखी एक हुशारी आहे. कुठल्याही संकेताची सुरुवात म्हणजे दुसऱ्या एखाद्या सुराचा पूर्ण संकेत, असं कधीच होत नाही. म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागत नाही. हे वाचून दाखवा बरं: ११००१००१११. डावीकडून एकेक तोडत जा. जमलं? ग, सा, रे, सा, म!

गाण्यापुढे झिप का थकतं?

आता कोड्याकडे येऊ. आधी वेव्ह फाईलचं बघू. झिपची पहिली युक्ती ‘मागे जा आणि उचल’. पण झिपची नेहमीची पद्धत मागे वळून फक्त ३२,७६८ बाइटपर्यंतच बघते. मजकुरात तेवढ्यात कितीतरी पानं मावतात. सीडीच्या दर्जाच्या आवाजात मात्र ३२,७६८ बाइट म्हणजे एका सेकंदाचा पाचवा भागसुद्धा नाही! तबल्याचा एक ‘धा’ वाजून दुसरा ‘धा’ येईपर्यंत झिप पहिला विसरलेलं असतं. आणि समजा आठवला, तरी उपयोग काय? कितीही तयारीचा तबलजी असला, तरी त्याच्या दोन ‘धां’चे आकडे तंतोतंत सारखे नसतात. झिपला तर अगदी हुबेहूब पुनरावृत्ती हवी असते.

म्हणून आवाजासाठी वेगळी डोकी कामाला लागली. २००१ साली फ्लॅक नावाची पद्धत आली. ती पुनरावृत्ती शोधत नाही, पुढचा आकडा ओळखायचा प्रयत्न करते. हे आकडे बघा: १००, १०४, १०८, १११, ११५, ११८. एकही आकडा दुसऱ्यांदा आलेला नाही. पण लाट चढतेय, हे तर दिसतंच. मग अंदाज करा, मागच्या वेळी जेवढी वाढ झाली तेवढीच पुन्हा होईल. १०० नंतर १०४, म्हणजे पुढे १०८ यायला हवा. आला! चूक ०. पुढे ११२ यायला हवा, आला १११. चूक उणे १. पुढे ११४ हवा, आला ११५. चूक अधिक १. मग ११९ हवा, आला ११८. चूक उणे १. आता लिहायचं काय? १००, १०४ आणि पुढे फक्त चुका: ०, –१, +१, –१. हे आकडे चिमुकले आहेत, त्यामुळे ते थोड्या बिटांत मावतात. उलगडताना तोच अंदाज करायचा, चूक मिळवायची, आणि मूळ आकडा हजर! एक बिटसुद्धा हरवत नाही. गाण्यागणिक फरक पडतो, पण फ्लॅक फाईल बऱ्याचदा मूळ आकाराच्या निम्म्याच्या आसपास येते.

आणि एमपीथ्री? तिच्यावर जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे नाव मुख्य. त्यांनी विचारलं, कानाला जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? ढोल वाजत असताना शेजारी कुणी कुजबुजलं तर ऐकू येत नाही ना? मोठा सूर त्याच्या जवळपासचा बारीक सूर झाकून टाकतो. एमपीथ्री असे झाकले जाणारे बारकावे टाकून देते किंवा ढोबळ करते. आपले ३८ एमबी गेले ते इथे! ही काटछाट बरोबर जमलीय का, हे तपासायला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या गायिकेचं वाद्यांशिवाय गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. नुसत्या गळ्यात छोटासा बिघाडही लगेच कानाला खुपतो ना! १९९५ साली या फाईलींच्या नावापुढे ‘एमपीथ्री’ ही ओळख लागली. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. एमपीथ्री करताना टाकून दिलेला भाग परत मिळत नाही, मग तिची पुन्हा वेव्ह केली तरीही.

एमपीथ्रीची शेवटची पायरी कोणती, माहितीय? हफमनची युक्ती! म्हणजे दाबायचं सगळं आधीच दाबून झालेलं. झिपला आता ना पुनरावृत्ती मिळते, ना जास्त वेळा येणारी अक्षरं. म्हणून ४० एमबीचे ४० एमबीच राहतात. सुटलं कोडं!

‘पण मग आणखी हुशार प्रोग्राम लिहिला तर?’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर शाब्बास. पण कोणतीही फाईल लहान करून दाखवणारा प्रोग्राम कुणालाही, कधीही लिहिता येणार नाही. पटवून घ्या. तीन बिटांच्या फाईली किती प्रकारच्या असू शकतात? ०००, ००१, ०१०... अशा आठ. त्यांहून लहान फाईली किती? एका बिटाच्या दोन आणि दोन बिटांच्या चार, मिळून सहा. आठ फाईलींना लहान करायचं, पण जागा सहाच. मग दोघींना एकच जागा वाटून घ्यावी लागेल, आणि उलगडताना मूळची कोणती हे कळणारच नाही. साध्या मोजणीने केवढं मोठं सत्य सिद्ध झालं!

आता कुलूप

गाणी बांधून झाली. पण मैत्रिणीच्या वाढदिवसाचं गुपित त्यात असेल, तर? वाटेत कुणी उघडून ऐकू नये, म्हणून फाईलला कुलूप लावतात.

कुलपाची पहिली ओळख वहीतच करून घेऊ. नियम सोपा आहे. दोन बिट सारखे असतील तर ० लिहा, वेगळे असतील तर १. याला एक्सॉर म्हणतात. गाण्याचे बिट आहेत १०११ आणि गुप्त किल्ली आहे ०११०. एकाखाली एक मांडा. उत्तर येतं ११०१. गाणं बदललं! आता ११०१ खाली पुन्हा तीच किल्ली मांडा. उत्तर १०११. गाणं परत आलं! कुलूप लावायला आणि उघडायला एकच किल्ली.

खरं कुलूप याहून कितीतरी भक्कम असतं. त्याचं नाव एईएस. १९९७ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने जगभरातल्या तज्ज्ञांना स्पर्धेचं आवाहन केलं. बेल्जियमच्या योआन डाएमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची पद्धत निवडली गेली आणि २००१ साली ती अधिकृत झाली. एईएस १६ बाइट घेते आणि ते चार ओळी, चार रकान्यांत मांडते. मग प्रत्येक बाइट एका ठरलेल्या तक्त्यानुसार बदलते, ओळी सरकवते, रकान्यांतले बाइट एकमेकांत मिसळते आणि किल्लीच्या एका भागाशी एक्सॉर करते. २५६ बिटांच्या किल्लीसाठी असे १४ फेरे होतात. आत जाणारा एक जरी बिट बदलला, तरी बाहेर येणाऱ्यांपैकी साधारण निम्मे बिट बदलतात.

ही पद्धत गुप्त नाही. कुणीही ती वाचू शकतं, तपासू शकतं. गुप्त असते ती फक्त किल्ली. २५६ बिटांच्या किती वेगवेगळ्या किल्ल्या होऊ शकतात? ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात! दर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून बघितल्या आणि विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं हे चालू ठेवलं, तरी त्यातला नाममात्र भागच तपासून होईल.

मग कुलूप फुटतं कुठे? पासवर्डपाशी. चार आकडी पासवर्ड फक्त १०,००० असू शकतात. कॉम्प्युटरला ते चटकन तपासता येतात. लहान इंग्रजी अक्षरांतले आठ अक्षरी पासवर्ड २०,८८२ कोटींहून जास्त होतात, पण आजच्या वेगवान यंत्रांपुढे तेही पुरत नाहीत. त्यापेक्षा ५,००० शब्दांच्या यादीतून डोळे मिटून पाच शब्द निवडा. उखळ, विमान, करवंद, सोमवार, झेब्रा, असे. किती जोड्या होतील? ३१,२५० कोटींना पुन्हा एक कोटीने गुणा, तेवढ्या! लक्षात ठेवायला सोपं, ओळखायला महाकठीण. फक्त इथे छापलेले पाच शब्द घेऊ नका हं, ते आता सगळ्यांना ठाऊक झाले.

सेव्हन-झिप हा प्रोग्राम आणखी एक काळजी घेतो. तुमच्या पासवर्डापासून किल्ली बनवताना तो एक गणिती क्रिया ५,२४,२८८ वेळा करतो. आपल्याला एकदाच उघडायचं असतं, त्यामुळे थोडासाच वेळ जातो. पण लाखो पासवर्ड लावून बघणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढं थांबावं लागतं.

दोन सूचना. झिपमधलं जुन्या काळचं कुलूप वापरू नका. १९९४ साली एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी ते कसं फोडता येतं हे दाखवून दिलं. एईएस-२५६ निवडा. आणि झिपला कुलूप लावलं, तरी आतल्या फाईलींची नावं सहसा बाहेरून दिसतात. ‘वाढदिवसाचं-सरप्राइझ’ असं नाव दिलंत, तर गुपित तिथेच फुटलं! सेव्हन-झेड प्रकारच्या गाठोड्यात नावंही झाकायची सोय असते.

आधी दाबा, मग कुलूप!

आता तुम्हीच सांगा. आधी कुलूप लावून मग दाबलं, तर काय होईल? चांगलं कुलूप फाईलचं असं रूप करतं, की बिट कसेही उधळल्यासारखे दिसतात. पुनरावृत्ती नाही, लाट नाही, नेहमी येणारं अक्षर नाही. दाबणारा प्रोग्राम तर यांच्याच जिवावर चालतो! त्यामुळे कुलूप लावलेली फाईल दाबली जात नाही. आवाजातली शिस्त आधी शोधायची, तिच्या जोरावर तो लहान करायचा, आणि मग कुलूप लावून उरलीसुरली शिस्तही झाकायची. क्रम उलटा केला, की दाबण्याची मेहनत फुकट.

तुम्ही व्हॉट्सॲपवर आजीला आवाजी निरोप पाठवता ना, तेव्हा हेच होतं. तुमचा आवाज आधी ओपस नावाच्या पद्धतीने लहान होतो, मग त्याला कुलूप लागतं, मग तो निघतो. थिएटरमध्ये येणारे नवे सिनेमेही अनेकदा एईएसच्या कुलपात येतात, चित्र आणि आवाज दोन्ही. त्यांची किल्ली वेगळी पाठवतात, आणि ती ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या तारखांनाच चालते!

आता तुमची पाळी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या बऱ्याच ओव्या टेपवर रेकॉर्ड झाल्या, म्हणून आज आपल्याला त्या बायकांचे आवाज ऐकता येतात. तुमच्याही घरी, शेजारी अशी गाणी, गोष्टी, उखाणे नक्की असतील. त्यांना विचारून ते रेकॉर्ड करा. जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, म्हणजे आवाजाचा कणही हरवणार नाही. सगळ्यांचं एक गाठोडं बांधा, एईएस-२५६ चं कुलूप लावा आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून आईबाबांकडे सुरक्षित द्या, आणि कुणाला गाठोडं पाठवलंत तर पासवर्ड त्याच्याबरोबर कधीच पाठवू नका. पासवर्ड विसरलात, तर ते कुलूप बनवणारे शास्त्रज्ञसुद्धा ते उघडून देऊ शकणार नाहीत!